पुसट दुसरी रेघ

र्युसेल्सहाइम,
२२ सप्टेंबर २०२४

सुलेखाताई, नमस्कार.

पाकिटाला कात्री जपून लावा, आत दोन किट आहेत. फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्याकडे फोन म्हणजे स्पीकर, आणि तुमचा भाऊ शेजारी बसून मध्येमध्ये तोंड घालणार. नणंद-भावजयींनी दोन शब्द धड बोलायचे तर पोस्टच बरं. किट पाठवायचेच होते, त्यात कागद सरकवला.

किडनी बदललेल्या माणसांच्या घरांसाठी इथे एक संस्था आहे. इन्शुरन्सवाल्यांचं, म्हणजे क्रांकनकासेचं पत्र जोडून नाव नोंदवलं, तर आता दर महिन्याला पोस्टाने डबा येतो. फुकट. नाकात काडी फिरवायची, नळीत बुचकळायची, पट्टीवर थेंब टाकायचे. करोना, फ्लू, सगळं एकाच पट्टीत कळतं. एक रेघ आली तर निश्चिंत, दुसरी उमटली तर विषाणू आहे.

तुम्ही म्हणाल, सगळं जग करोना विसरलं आणि ही बाई अजून काड्या घालते आहे. ताई, तुमची किडनी त्याच्या शरीराने नाकारू नये म्हणून तो ज्या गोळ्या घेतो ना, त्याच गोळ्यांमुळे त्याच्या अंगात लढायची ताकद राहत नाही. तुम्हाआम्हाला जी सर्दी, ती त्याच्या जिवावर येऊ शकते. म्हणून आमच्या दारात नियम केला आहे. जो येईल त्याने आधी जिन्यात टेस्ट करायची, एक रेघ दिसली की आत. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस, अन्वीच्या मैत्रिणी, ऑफिसातून आलेली मी, सगळ्यांना तोच नियम.

भाऊबीज यंदा रविवारी आहे, तीन नोव्हेंबरला. या ना. कुमार गणपतीपासूनच दिवस मोजतो आहे. निघायच्या आधी तिकडे एक टेस्ट करा म्हणून हे किट.

नंदिनी


हॅम्बर्ग,
२९ सप्टेंबर

नंदिनी,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून कागद भरत नाही. पाकीट मिळालं. विहानने उघडलं, "ममा, वास इस्ट दास?" हे काय म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हेडफोन लावून गेला. सतरा वर्षांचं पोर मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र जीभ झडते.

तुझे किट मी इंडियाच्या बॅगेत टाकले. हसू नकोस. जानेवारीत पुण्याला जायचं आहे, प्रभामावशी आत्तापासून यादी सांगते आहे. तिला जर्मनीहून आणलेलं साधं बँडेजसुद्धा जास्त गुणकारी वाटतं. चॉकलेटं झाली, व्हिटॅमिनच्या गोळ्या झाल्या, त्यात हे दोन डबे. फुकट ते पौष्टिक. इथे मला कशाला लागताहेत? गेल्या वर्षभरात मला शिंकसुद्धा आली नाही.

आता मुद्द्याचं. माझी लेक सासरी नीट नांदते आहे ना? किडनीचं क्रिएटिनिन किती आलं ते तू लिहिलं नाहीस. कुमारला विचारलं की तो "मस्त" म्हणतो, त्याचं लहानपणापासून सगळंच मस्त असतं. नापास झाला तेव्हाही पेपर मस्त गेला होता.

आणि हो, नियमाचं वाचलं. म्हणजे जिचा अवयव आत बसला आहे तिला तू जिन्यात उभी करून नाकात काडी घालणार. आमचे श्रीनाथ म्हणाले, अगं ती बरोबर आहे. सगळे बरोबरच असतात, मीच तेवढी आडमुठी. घाल बाई काडी. पण खरं सांगू का, लागलं थोडं. आई गेली, पुण्यातलं घर विकलं. माहेर म्हणून मला आता तेवढंच एक दार राहिलं आहे, तुमचं. दोन भाऊबिजा अशाच गेल्या, एक डायलिसिसमध्ये, एक डॉक्टरांनी कुणाला भेटू दिलं नाही म्हणून. आई म्हणायची, बहीण भावाच्या दारी गेली की ओवाळल्याशिवाय परत फिरू नये, भावाला जड जातं. मी असलं काही मानत नाही, पण येणार म्हणजे येणार. करंज्या करून आणते. त्याला मीठ चालत नाही, गोड तरी चालतं ना?

सुलेखा


र्युसेल्सहाइम,
१० ऑक्टोबर

सुलेखाताई,

अजून दोन किट पाठवते आहे. हे इंडियाच्या बॅगेसाठी नाहीत. प्रभामावशींना वेगळे देऊ, माझ्याकडे साठले आहेत.

तुमची लेक उत्तम नांदते आहे. क्रिएटिनिन एक पॉइंट दोन. डॉक्टर बाई म्हणाल्या, बहिणीची किडनी बहिणीसारखीच चिवट निघाली. हे मी मनचं लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कारण मागच्या आठवड्यात त्यांनी मला बसवून समजावली आहे. एक रेघ आली म्हणजे सगळं झालं असं नाही. कुमारच्या बाबतीत किट सुरुवातीचे काही दिवस चकवू शकतं. त्यामुळे लागण झालेल्या माणसाजवळ तो नुसता गेला होता असं कळलं, तरी किटची वाट न बघता त्याच दिवशी क्लिनिकला फोन करायचा. औषध आहे, सलाइनमधून देतात, पण ते अगदी सुरुवातीलाच दिलं तर लागू पडतं. नंतर देऊन काही होत नाही. म्हणून मी दारात एवढी कडक आहे. तुम्हाला लागलं ते कळलं मला. मला काय हौस आहे?

करंज्या चालतील. दोन.

नंदिनी


र्युसेल्सहाइम,
४ नोव्हेंबर

सुलेखाताई,

काल तुम्ही गेल्यावर आमच्याकडे कुणी जेवलं नाही. श्रीखंड तसंच फ्रीजमध्ये आहे. पोचल्याचा तुमचा मेसेज आला, "पोचले" एवढाच. त्यावरून काही कळत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही पायरीवर बसला होतात, मांडीवर डबा, नवी पैठणी, वर जाड कोट. गाडी दीड तास लेट, तरी हसत होतात. मी पट्टी दिव्याखाली धरली. आधी एकच रेघ होती. मग ती दुसरी. इतकी पुसट की मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. तुम्ही म्हणालात, ही कुठली रेघ, ही सावली आहे. मी दुसरं किट उघडलं. त्यातही तेच. भांडला असतात तर मला सोपं गेलं असतं. अन्वी आतून विचारत होती, "आत्या, वारुम कोम्स्ट दू निष्ट राइन?" आत का येत नाहीस म्हणून, आणि तुम्ही तिला जर्मनमध्येच सांगितलंत की आत्या पुढच्या वेळी येईल. मग डबा पायरीवर ठेवलात आणि बॅग उचललीत. हॉटेल बघते म्हटलं तर मान हलवली.

मी कुमारला बेडरूममधून बाहेर येऊ दिलं नाही. दाराला पाठ लावून उभी होते मी, खोटं कशाला सांगू. तो आतून म्हणाला, नंदिनी, ती माझी बहीण आहे. मी म्हटलं, माहीत आहे. अर्ध्या तासाने तो बाहेर आला, मास्क लावला, टोपी घातली आणि रोजच्यासारखा मेन नदीच्या काठाने चालायला गेला. उशिरा आला. माझ्याशी बोलला नाही, आजही जेमतेम बोलतो आहे.

भाऊबिजेच्या दिवशी नणंदेला दारातून परत पाठवणारी बाई, हे माझ्या नावावर लागलं. लागू दे. पण तुम्ही तरी मला समजून घ्या, कारण बाकी कुणी घेणार नाही.

एकच विचारायचं आहे. तुम्ही इथून थेट स्टेशनवर गेलात आणि थेट गाडीत बसलात ना? मध्ये कुठे थांबावं नाही ना लागलं? तब्येत कशी आहे ते लिहा.

नंदिनी


हॅम्बर्ग,
७ नोव्हेंबर

नंदिनी,

तू केलंस ते बरोबर केलंस. मला राग नाही.

हो, थेट स्टेशन, थेट गाडी.

मला काही विशेष नाही. नाक गळतं, अंग दुखतं. परवा दुकानातून आणून घरी टेस्ट केली, रेघ आता चांगली ठळक आहे. श्रीनाथ आणि विहान ठीक आहेत.

कुमारची टेस्ट रोज कर. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा कर. घसा खवखवतो का विचार, तो मस्त म्हणेल, ऐकू नकोस, थर्मामीटर लाव. किट कमी पडायला नकोत म्हणून माझ्याकडचे सगळे बॅगेतून काढून सोबत पाठवते आहे. आणि एकदा त्याला क्लिनिकमध्ये दाखवून आण. सहज म्हणून. काही झालंय म्हणून नाही, सहज.

सुलेखा


र्युसेल्सहाइम,
११ नोव्हेंबर

सुलेखाताई,

तुमचं पाकीट मिळालं. किट मोजले नाहीत, पण मी पाठवलेले सगळे परत आलेले दिसतात. समजलं मला. आपल्याकडे दिलेला आहेर परत आला की पाहुण्याने काय म्हटलं ते सांगावं लागत नाही. राग नाही असं वर लिहून खाली वस्तू परत करायच्या, यापेक्षा चार शब्द सुनावले असतेत तर बरं झालं असतं.

आणि मला शिकवू नका, ताई. रोज टेस्ट कर, थर्मामीटर लाव. गेली दीड वर्षं दुसरं काय करते आहे मी? त्याच्या गोळ्यांच्या वेळा माझ्या झोपेत पाठ आहेत. तुम्ही किडनी दिलीत, ते ऋण या जन्मात फिटणार नाही, पण त्याला सांभाळायचं काम माझं आहे.

तरी विचारलंत म्हणून कळवते. शनिवारपासून त्याला सर्दी आहे. थोडा खोकला, काल कणकण. टेस्ट रोज दोनदा करते, एकच रेघ. अन्वीच्या शाळेत अर्धा वर्ग खोकतो आहे, तिचीही टेस्ट केली, तिलाही एकच रेघ. म्हणजे साधी सर्दी. तरीही आज क्लिनिकला फोन केला. लागण झालेल्या कुणाशी संपर्क आला का विचारलं, मी नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, लक्ष ठेवा, ताप चढला तर कळवा. तुम्ही दारातून परत गेलात म्हणून निदान ती काळजी तरी नाही. एवढ्यासाठी मी वाईटपणा घेतला होता.

नंदिनी


हॅम्बर्ग,
२४ नोव्हेंबर

नंदिनी,

तू माझा फोन घेत नाहीस. घेऊ नकोस. पण हे वाच. वाचून फाड.

तुझं अकरा तारखेचं पत्र मी दारातच, उभ्याने वाचलं. सर्दी, कणकण, संपर्क नाही. मी कुमारला फोन केला, तो धापा टाकत होता, तरी म्हणाला, मस्त आहे गं. मग मी तुला फोन लावला. फोनवर मला एवढंच बोलता आलं की तो मला स्टेशनवर भेटला होता. तू फोन ठेवलास. तेव्हा उशीर झालेला होता, हे मला आता श्रीनाथकडून कळतं. तू त्यांना सांगतेस, ते मला सांगतात. त्याला दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी ठळक रेघ आली, आता अतिदक्षतेत आहे, यंत्रावर श्वास घेतो आहे. बाकीचं तुला माहीत नाही, ते मी लिहिते.

मी स्टेशनवर पोचले आणि त्याचा फोन आला. म्हणाला, ताई, गाडीत बसू नकोस, मी येतोय. मी नको म्हटलं. खरंच म्हटलं, नंदिनी. पण मनातून मी त्या फोनची वाट बघतच चालत आले होते, हेही खरं आहे. एस-बान, म्हणजे लोकल, आली, गेली, मी बसले नाही. तो आला. प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला बाकावर बसला. मी ताटली काढली. निरांजन वाऱ्याने लागेना, तर त्याने दोन्ही हातांचा आडोसा केला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. मास्क माझ्या तोंडावर होता. मग बॅगेत माझ्यासाठी ठेवलेल्या करंज्यांतली एक पुढे केली, तर त्याने त्याचा मास्क खाली ओढला, आणि म्हणाला, तूही खा माझ्याबरोबर, एकटा किती खाऊ. आम्ही खाल्ल्या. बसून बोललो, आईचं, पुण्याचं, तुझं. तुला एक शब्द वाईट बोलला नाही. म्हणाला, ती नसती तर मी केव्हाच गेलो असतो. मी म्हटलं, ती रेघ खरी असेल तर? तो म्हणाला, तुझी किडनी तुला ओळखते, ती कशाला आजारी पडेल. आणि मी हसले. दोन पोरांची अक्कल होती आमची त्या बाकावर, पन्नाशीला आलेल्या बाईची नाही.

मंगळवारी माझी रेघ ठळक आली. त्याला लगेच फोन केला, म्हटलं, नंदिनीला सांग, आत्ता सांग, क्लिनिकला फोन करा. तो म्हणाला, सांगितलं तर ती आयुष्यभर तुझं तोंड बघणार नाही. मी रोज टेस्ट करतोच आहे, रेघ आली की सांगतो. मी म्हटलं, मग मी सांगते. तेव्हा त्याने शपथ घातली. माझी शपथ आहे, ताई, तिला सांगितलंस तर माझं मेलं तोंड बघशील.

मी जहाजाच्या कंपनीत अकाउंट्स बघते. मोबाइलवर टॅक्स भरते. आणि भावाच्या शपथेपुढे माझी बुद्धी चालेना. वाटलं, मोडली आणि त्याला काही झालं तर? म्हणून आडून आडून लिहिलं, रोज टेस्ट कर, क्लिनिकमध्ये ने, किट पाठवले. तुला तो आहेर परत केल्यासारखा वाटला. बरोबर आहे, तुला दुसरं काय वाटणार? शपथ पाळून मी त्याला वाचवत होते, असं समजत होते मी, आणि एकेक दिवस जात होता.

मला येऊ दे. मी आता बरी आहे, टेस्ट चार दिवस कोरी आहे. आत नाही आले तरी चालेल. दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसेन.

सुलेखा


र्युसेल्सहाइम,
२८ नोव्हेंबर

येऊ नका.

किडनी काल बंद पडली. डायलिसिस यंत्र पुन्हा लावलं आहे. फुप्फुसात बुरशीचा संसर्गही झाला आहे. डॉक्टर बाईंना मी विचारलं, तीन किंवा चार तारखेला आणलं असतं तर? त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, असे प्रश्न विचारू नका, तुम्हाला अजून जगायचं आहे.

शपथ पाळलीत. आता काय लिहू तुम्हाला.

नंदिनी


हॅम्बर्ग,
५ जानेवारी २०२५

नंदिनी,

त्याला जाऊन महिना होईल. स्मशानभूमीच्या त्या हॉलमध्ये मी मागच्या रांगेत होते. तू एकदाही मागे बघितलं नाहीस. अन्वी बघत होती. तिने हात हलवला तेव्हा मी मान खाली घातली.

इथल्या लोकांनी शांत वाद्य वाजवलं, एक जण येऊन वेळ संपल्याचं हळूच सांगून गेला. पडदा ओढला. माझ्या शरीराचा एक तुकडा त्याच्याबरोबर आत गेला, नंदिनी. तो मी आनंदाने दिला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझ्या हातावर मेंदी काढलीस तू, आठवतं? नर्स विचारत होती, कुणाचं लग्न आहे? आपण दोघी किती हसलो होतो. आता त्या जागी फक्त शिवणीचा वण आहे. रोज आंघोळीला तो दिसतो आणि वाटतं, किडनी देऊनही मीच परत हिसकावून घेतली.

पुण्याचं तिकीट रद्द केलं. प्रभामावशीला काय तोंड दाखवू? श्रीनाथ म्हणतात, विषाणूला बहीण-भाऊ कळत नाही, तू स्वतःला खाऊ नकोस. विहान रात्री माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहतो आणि परत जातो. परवा मराठीत म्हणाला, "आई, जेव." एवढंच. मला त्याचाही आनंद होत नाही.

तू मला शिव्या दे. फोनवर दे, पत्रात दे, इथे येऊन चार लोकांत दे. तू गप्प आहेस ते मला सहन होत नाही. तू दार राखलंस, मी ते मागच्या बाजूने उघडलं. तुझी काही चूक नव्हती, कुठेही नव्हती, हे मी सगळ्यांना सांगते आहे आणि सांगत राहीन. तुझ्याकडून मला माफी नको. फक्त काहीतरी लिही.

सुलेखा


र्युसेल्सहाइम,
१२ जानेवारी

सुलेखाताई,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. तुम्ही सगळ्यांना सांगता आहात ना, नंदिनीची काही चूक नव्हती? ते सांगणं आजपासून बंद करा. का, ते लिहिते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, माझ्या आईलाही नाही.

तीन नोव्हेंबरला कुमार चालून उशिरा आला. बूट काढले, टोपी खुंटीला लावली, हात धुतले, आत गेला. टोपी जमिनीवर पडली म्हणून मी उचलली. आत कपाळाच्या जागी लाल फरांटा होता. आणि लोकरीत अक्षतेचा एक दाणा अडकला होता, कुंकवात भिजलेला.

मला लगेच कळलं. कळायला काय लागतं? सकाळपासून आमच्या घरात कुणी कुणाला ओवाळलं नव्हतं. अन्वीला भाऊ नाही. तो दाणा मी बोटावर घेऊन उभी होते, स्वयंपाकघरातून त्याचा पाणी पिण्याचा आवाज येत होता. मी हाक मारून विचारलं असतं तर तो खरं बोलला असता. त्याला खोटं बोलता येत नाही, त्याचं फक्त सगळं मस्त असतं. आणि मग मला पुन्हा वाईट व्हावं लागलं असतं, एका दिवसात दुसऱ्यांदा. त्याला रविवारी संध्याकाळी इमर्जन्सीत न्यायचं, तिथे सगळं सांगायचं, त्याने वाटभर माझ्याकडे बघायचं नाही. मला तेवढं बळ राहिलं नव्हतं, ताई. आणि त्याहून वाईट सांगते. मला बरं वाटलं. वाटलं, झालं ते बरं झालं, बहीण ओवाळून गेली, माझ्या डोक्यावरचा बोल उतरला. रेघ पुसटच तर होती.

टोपी मी मशीनमध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला पत्र लिहिलं. फोन का नाही केला? कुमार आंघोळीला गेला होता, फोन हातात होता, करता आला असता. पण फोनवर तुमचा आवाज फुटला असता आणि मला खरं ऐकावं लागलं असतं. पत्रात माणसाला खोटं लिहायला वेळ मिळतो. मी विचारलं, थेट गाडीत बसलात ना? ते विचारणं नव्हतं, मागणं होतं. तुमचं "थेट" मला हवं होतं आणि तुम्ही ते पाठवलंत. किट आले तेव्हा मी जी चिडले ना, तो राग नव्हता. त्या पाकिटात काय आहे ते मला कळत होतं आणि मला ते कळून घ्यायचं नव्हतं. आहेराचं वगैरे मी लिहिता लिहिता सुचवून घेतलं, आणि लिहून झाल्यावर मला ते खरंच वाटायला लागलं.

मग क्लिनिकला फोन केला. त्या बाईंनी विचारलं, कोन्टाक्ट? मी नाइन म्हटलं, म्हणजे नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की का, कारण तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत आम्हाला दोनदा विचारायला सांगितलं आहे. मी म्हटलं, या, गेनाऊ, हो, नक्की. त्या वेळी नेलं असतं तर वाचला असता का, मला माहीत नाही. डॉक्टर बाई सांगत नाहीत. पण आठ दिवस आधी नेलं असतं तर काय झालं असतं, हे मला त्यांनी ऑक्टोबरमध्येच बसवून सांगितलं होतं, आणि ते मी तुम्हाला शहाणपणाने लिहून पाठवलं होतं.

दवाखान्यात तुम्हाला येऊ दिलं नाही ते तुमच्यावरच्या रागाने, असं सगळ्यांना वाटतं. तुम्हालाही. तुम्ही समोर आला असतात तर मला तुमच्याकडे बघता आलं नसतं, म्हणून. त्याच्या शेवटच्या दिवसांत बहिणीचा हात त्याच्या हातात असायला हवा होता. तोही मी मिळू दिला नाही. हे त्या "नाइन"पेक्षा लहान आहे की मोठं, मला ठरवता येत नाही.

किटचा डबा अजून येतो, या महिन्यातही आला. मी फोन करून सांगितलं की आता नको. पलीकडच्या माणसाने खूप वाईट वाटल्याचं सांगितलं आणि म्हणाला, तुम्ही घराची खूप काळजी घेत होता, असं आमच्याकडे नोंदलेलं आहे. मी दांके म्हटलं, धन्यवाद.

अन्वी तुमची आठवण काढते. तिला मी काही सांगितलेलं नाही, मोठी झाली की सांगेन, ती मला तेव्हा काय म्हणेल ते म्हणेल. तुम्ही यायचं की नाही ते हे वाचून ठरवा. मी बोलावते असं समजू नका, बोलवायचा हक्क मला नाही. पण आलात तर दार उघडं आहे. जिन्यात थांबावं लागणार नाही. आता आत कुणाला जपायचं आहे?

तुम्ही शिव्या मागता आहात. मी कुठून देऊ? तुम्ही गप्प राहिलात, कारण त्याने स्वतःची शपथ घातली होती. मला कुणीही शपथ घातली नव्हती.

नंदिनी